धुळ्यातलं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान : प्रबंधापासून संमतिपत्रापर्यंत

धुळे-नंदुरबार-जळगाव पट्ट्यात कुणाला आरोग्य सर्वेक्षणाचे फॉर्म, संमतिपत्रं किंवा फील्डच्या वह्या करून घ्यायच्या असतील तर त्यासाठी नाशिक-पुणे गाठायची गरज नाही. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या नंबरांच्या गल्ल्यांमध्ये एक अरुंद दुकान आहे. दोन झेरॉक्स मशीन, एक कटिंग मशीन, माळ्यावर रिमांचे गठ्ठे आणि दारापर्यंत येणारा खळीचा वास. काळ्या-पांढऱ्या कामासाठी मी डोळे झाकून तिथे जाते. रंगीत कामासाठी जात नाही, तुम्हीही जाऊ नका. पाटीवरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मालकांनी, म्हणजे आप्पांनी, हात जोडून सांगितलं, "जाहिरात नको व माय, जूनमा पाय ठेवाले जागा भेटत नही." जूनमध्ये दाखले आणि ॲडमिशनची झुंबड असते, ते खरंच आहे. शोधणाऱ्याला दुकान सापडतं.

मी मानववंशशास्त्राची. शिंदखेडा तालुक्यातलं गाव, धुळ्यात बी.ए., पुणे विद्यापीठात एम.ए., आणि आता आरोग्य संशोधनात प्रकल्प समन्वयक. मधली वर्षं कशी गेली ते सांगायला लागले तर परीक्षण बाजूलाच राहील. पण या दुकानाबद्दल बोलताना ते थोडं येणारच, कारण माझ्या कामाचे कागद जसे बदलत गेले तसे ते याच काउंटरवर बदलले.

सुरुवात प्रबंधापासून. विषय होता धडगाव तालुक्यातल्या पावरा आदिवासींच्या पाड्यांवरची बाळंतपणं आणि दाया. टायपिंग पुण्यात झालं, बाइंडिंग मात्र सुट्टीत घरी आले तेव्हा धुळ्यात केलं, कारण पुण्यात विद्यापीठाजवळचे दर सबमिशनच्या महिन्यात दुप्पट होतात. काळं रेक्झीन, सोनेरी अक्षरं, शिवलेले फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे. आप्पा पूर्वी ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायचे, त्यामुळे सुई-दोरा त्यांच्या हाताला आहे. गमवर चिकटवलेलं जाडजूड पुस्तक दोनदा उघडलं की पानं हातात येतात. माझा प्रबंध अजून सरळ उघडतो.

त्या प्रबंधात मी हाताने काढलेल्या वंशावळी होत्या. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, दोन रेघा म्हणजे लग्न, आडवी तिरपी रेघ मारली की ती व्यक्ती वारलेली. आप्पांनी त्या पानावर बोट ठेवून विचारलं होतं, "ह्या तिरप्या रेघा फिक्या येतील, चालेल का?" मला ते कळलं नव्हतं, त्यांना कळलं होतं. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये बारीक रेघ जाते आणि मेलेला माणूस जिवंत होतो. त्यांनी मूळ पानंच मागून घेतली आणि थेट त्यांच्यावरून प्रती काढल्या.

एम.ए. झाल्यावर घरात आणि गावात प्रश्न एकच होता, याचं पुढे काय. मानववंशशास्त्र म्हणजे हाडं मोजायची का, असंही विचारून झालं. (तेही करतो. उंची, वजन, दंडघेर मोजायला आम्हाला शिकवतातच, आणि पुढे नोकरीत तेच पहिल्यांदा कामाला आलं.) एका आरोग्य प्रकल्पाला पाड्यावर मुक्काम करून बायांशी बोलू शकेल असा माणूस हवा होता. करार अकरा महिन्यांचा, पद फील्ड इन्व्हेस्टिगेटर. डॉक्टरांकडे मुलांची वजनं होती, उंच्या होत्या, तक्ते होते. कुपोषित मूल उपचार केंद्रात दाखल केलं की साधारण दोन आठवडे ठेवतात; पण आई चौथ्या-पाचव्या दिवशीच मूल उचलून का निघून जाते, हे त्यांच्या तक्त्यात नव्हतं. ते पाड्यावर चुलीपाशी बसल्यावर कळतं. मागे घरी दोन लेकरं आणि शेळ्या, नवरा ऊसतोडीला गुजरातेत, आणि दवाखान्यात तिच्याशी तिच्या बोलीत बोलणारं कुणी नाही. प्रबंधासाठी मी जसं बसायचे तसंच इथेही बसले. फरक एवढाच की आता माझ्या वहीतल्या ओळीवरून कुणीतरी कार्यक्रमात बदल करणार होतं, म्हणून ती ओळ नीट असणं भाग होतं.

वहीचं सांगते, कारण हे या दुकानाचं सगळ्यात चांगलं काम आहे. बाजारातली स्पायरल वही फील्डवर घेऊ नका. तार झोळीत अडकते, आणि पान फाटलं तर फाटलं हे कुणाला कळतही नाही. आप्पा मला शिवलेली, कापडी पाठीची, पानांवर नंबर मारलेली वही करून देतात. डावं पान कोरं, उजवं रेघांचं. उजवीकडे पाहिलेलं आणि ऐकलेलं, डावीकडे रात्री सुचलेलं. आकार कुर्त्याच्या खिशात जेमतेम मावेल एवढा. ऐंशी रुपये पडतात. दुकानातल्या तयार वहीपेक्षा महाग आहे, पण चांदसैलीच्या घाटात जीपच्या टपावरून पडलेली वही सगळ्या पानांसकट परत मिळाली, याला मी किंमत देते.

आता फॉर्म. आरोग्य संशोधनात आल्यावर कागद माझ्या एकटीचा राहत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 सालची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात त्याप्रमाणे, भाग घेणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत माहिती द्यायची, त्याची लेखी संमती घ्यायची, लिहिता येत नसेल तर अंगठा आणि सोबत अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही, आणि एक प्रत त्या माणसाच्या हातात ठेवायची. शिवाय मजकूर नैतिकता समितीने मंजूर केलेलाच हवा, अक्षर न् अक्षर. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख.

इथे बहुतेक दुकानं घसरतात. दुसऱ्या एका शहरात, दुसऱ्या एका दुकानाने आमची युनिकोडमधली फाइल त्यांच्या जुन्या डीटीपी फॉण्टमध्ये ओतली. "तुम्ही कधीही माघार घेऊ शकता" या वाक्यातला "घेऊ" तुटला, दोन ठिकाणी रफार उडाला, आणि तळाची आवृत्ती "पानाला शोभत नाही" म्हणून काढून टाकली. पाचशे प्रती. त्या छापखान्याला समजावता समजावता संध्याकाळ झाली. आप्पा फाइल उघडतच नाहीत. पीडीएफ आहे तशी छापतात, आणि आधी एक प्रत काढून तुमच्याकडून प्रत्येक पानावर सही घेतात. वेळखाऊ आहे, घाईतल्या माणसाला राग येतो. मला आवडतं.

पहिल्यांदा संमतिपत्रं घेऊन गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "हाऊ कागद कोना हातमा जाई, ते पहिले सांग." सांगितलं, दोन प्रती, एक आमची, एक बाईची, अंगठा दोन्हींवर. त्यावर त्यांनी ज्या गोष्टी सुचवल्या त्या कुठल्याही प्रशिक्षणात मला मिळाल्या नव्हत्या. पाठपोट छपाई असेल तर अंगठ्याच्या जागेच्या बरोबर मागे मजकूर ठेवू नका, स्टॅम्पपॅडची शाई मागे उतरते आणि दोन्हीकडचं वाचता येत नाही. कागद 70 जीएसएमऐवजी 80 चा, म्हणजे जरा जाड, घ्या. कार्बन टाकून दोन प्रती करायचा विचारही करू नका, अंगठा कार्बनमधून उतरत नाही. इंकजेटवर छापू नका, श्रावणात झोळीत पाणी गेलं की सगळं निळं होतं, टोनर टिकतो. पण टोनरचा कागद साध्या प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत महिनाभर ठेवला तर अक्षरं पिशवीला चिकटतात, म्हणून पुठ्ठ्याची फाइल.

आणि नंबर. प्रत्येक सहभागी व्यक्तीला एक क्रमांक असतो, नावांची यादी वेगळी कुलपात. फॉर्मवर तो क्रमांक हाताने लिहिला की शंभरात कुठेतरी 6 चा 9 होतोच. आप्पांकडे बिलबुकाच्या काळातलं लोखंडी नंबरिंग मशीन आहे. दाबलं की आकडा पुढे सरकतो, आणि त्यात एक कळ अशी आहे की तोच आकडा दोनदा उमटून मग पुढे जातो. बिलाची मूळ प्रत आणि स्थळप्रत यांच्यासाठी केलेली ती सोय. आमची प्रत आणि बाईची प्रत, दोघींवर एकच आकडा, एकाच शाईत. आमच्या ऑडिटला आलेल्या बाईंनी ते पाहून सॉफ्टवेअर कोणतं वापरता असं विचारलं होतं.

दुकानाची खरी परीक्षा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कामात झाली. सातपुड्यातल्या आदिवासी भागात हा आजार जुना आहे. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही आलं तर आजार होतो. एकाकडूनच आलं तर माणूस वाहक, बहुतेक वेळा ठणठणीत. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवून, आणि तेव्हापासून आमच्या भागात तपासणी हा शब्द पाड्यापाड्यावर पोचला. आमचं काम त्याच्या पुढचं : वाहक असल्याचं कळल्यावर घरात काय होतं, लग्नाच्या बोलणीत ते कसं येतं.

त्यासाठी पुन्हा वंशावळ आली. एम.ए.ला शिकले तेव्हा पुरुष त्रिकोण होता, दवाखान्याच्या वंशावळीत तो चौकोन झाला. वर्तुळाची बाई तेवढी तशीच राहिली. आजारी व्यक्तीचं चिन्ह पूर्ण काळं, वाहकाचं अर्धं काळं. पावऱ्यांमध्ये कुळं कोणती, कुणाचं कुणात लग्न होत नाही, हे मला प्रबंधामुळे माहीत होतं, म्हणून घरच्यांच्या तोंडून तीन पिढ्या काढून घेणं मला जड गेलं नाही. डॉक्टर सहकाऱ्यांची इथे अडचण व्हायची. ते "तुमच्या काकांना हा त्रास होता का" असं विचारायचे. माणूस नाही म्हणायचा, कारण वारलेल्याचं नाव दुखण्यासाठी घ्यायचं नाही, असं त्या घरात असतं. मी आधी काकाचं घर कुठल्या पाड्यावर होतं ते विचारायची. मग शेत. मग होळीला ढोल कोण वाजवायचं. काका आपोआप यायचा, त्याचे दुखणारे सांधे घेऊन.

पण छपाईत घोळ होता. समुपदेशकांसाठी नमुना वंशावळ छापायची होती आणि झेरॉक्समध्ये भरीव काळा ठिपका मधून पांढरट येतो. म्हणजे आजारी माणूस पोकळ दिसतो आणि अर्धा काळा तर कसाही. आप्पांच्या मुलाने पाहिलं आणि म्हणाला, "ताई, भरू नको, रेघा मार." आजाऱ्याला आडव्या-उभ्या जाळीच्या रेघा, वाहकाला अर्ध्या भागात तिरप्या. खाली सूची. दहाव्या झेरॉक्सलाही फरक कळतो. आशाताईंना, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांना, ते भरीव चिन्हांपेक्षा सोपंही गेलं, कारण तालुक्याच्या मशीनवर प्रती काढणाऱ्या शेवटी त्याच.

दुसरी गोष्ट घडीची. बाईला द्यायच्या प्रतीवर वरच्या बाजूला अभ्यासाचं नाव, त्यात "सिकलसेल" ठळक. हा कागद घरात कुठे राहतो? कुडाच्या भिंतीत खोचून. शेजारचा शाळेत जाणारा पोरगा तो वाचतो, आणि गावभर होतं की या घरात रक्ताचं दुखणं आहे, पोरगी द्यायची की नाही बघा. मी हे काउंटरवर नुसतं बोलत होते, सोबतच्या सहकारिणीशी. आप्पांनी कागद घेतला, आडवा धरला, दोनदा घडी घातली आणि दाखवलं : मजकूर असा लावा की घडी घातल्यावर बाहेर फक्त फोन नंबर आणि आमच्या संस्थेचं चिन्ह राहील. एक शब्द बदलायचा नव्हता. तरी मांडणी बदलली म्हणून आम्ही समितीला कळवलं, त्यांनी मान्य केलं, आणि मग एक हजार प्रती घडी घालूनच दिल्या. घडीचे पैसे वेगळे लावले, तेही योग्यच.

बाद कागदांबद्दलही सांगायला हवं. झेरॉक्सच्या दुकानात वाकडी गेलेली, फिकी आलेली पानं कुठे जातात याचा विचार करा. मी एका ठिकाणी (धुळ्यात नाही) अशा पाठकोऱ्या पानांची रफ पॅडं दहा रुपयाला विकताना पाहिली आहेत, आणि त्यात एका दवाखान्याचे केसपेपर होते, नावानिशी. आप्पा बाद पानं सुतळीने बांधून कामासोबत परत देतात आणि मोजून देतात. असं असलं तरी भरलेले फॉर्म त्यांच्याकडेही नेऊ नका. ते ऑफिसातच स्कॅन करायचे, हा नियम दुकान कितीही चांगलं असलं तरी मोडायचा नाही.

आता रंगीत. त्यांचा कलर प्रिंटर जुना आहे, पिवळा आणि हिरवा एकमेकांत जातात. आहाराच्या फ्लिपचार्टमध्ये मेथी आणि हळद सारखीच दिसली. गरोदर बाईच्या चित्रात चेहरा विटकरी आला. याबाबतीत ते ऐकूनही घेत नाहीत, "लांबून बरं दिसस" म्हणतात. लांबून काय करायचंय, फ्लिपचार्ट मांडीवर ठेवून दाखवतात.

मात्र रंगाच्याच बाबतीत त्यांनी एक काम नाकारलं ते पटलं. मेडिकलचा एक विद्यार्थी कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी घेऊन आला होता, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असते ती : 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, 12.5 पर्यंत पिवळं, वर हिरवं. त्याला तिच्या शंभर कलर प्रती हव्या होत्या. आप्पांनी एक काढली, लोखंडी पट्टी लावली, आणि दाखवलं की प्रत आखूड आली आहे. प्रिंटरने पान "बसवून" घेतलं होतं. गणित करून बघा : पट्टी तीन टक्के आखडली तर 11.3 सेंटिमीटर दंडाचं मूल त्या पट्टीवर 11.6 च्या पुढे जातं, लालमधून पिवळ्यात, आणि ज्याला दाखल करायला हवं ते घरी राहतं. "मोजमापनी झेरॉक्स करत नही मी," म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं. पट्टी आरोग्य विभागाकडून किंवा तयारच घ्यायची, हे पोराला तिथे कळलं.

बाकी तक्रारी आहेत. पेनड्राइव्ह नेलात तर व्हायरस घेऊन परत याल, सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसतात. फाइल मेलवर पाठवा आणि काम झाल्यावर समोर उभं राहून डिलीट करून घ्या. फोन उचलत नाहीत. जीएसटीचं बिल मागितलं की "मुलगा येऊ दे" ऐकावं लागतं, आणि मुलगा दोन दिवसांनी येतो. प्रकल्पाच्या हिशेबाला तीन दरपत्रकं लागतात हे समजावलं तेव्हा आप्पा म्हणाले, "बाकीनी दोन बी मीच आनी देस." नको म्हटलं. हसून सोडून दिलं त्यांनी, मीही.

हल्ली सर्वेक्षणाचे फॉर्म टॅबवर गेले आहेत आणि ते बरंच आहे. पुरुषाला गरोदरपणाचा प्रश्न विचारला जात नाही, चुकीची तारीख टॅब घेत नाही, रात्री डेटा भरत बसावं लागत नाही. त्यामुळे माझं या दुकानातलं काम कमी झालं आहे. संमतिपत्र, वही आणि वंशावळीचे कोरे तक्ते उरलेत. तक्ता टॅबवर काढून पाहिला. म्हातारी आजी स्क्रीनकडे बघत बसते आणि गप्प होते, कागद जमिनीवर पसरला की स्वतः बोट ठेवून सांगते, "ही नाही, ही मधली."

दर : एका बाजूला दोन रुपये, पाठपोट तीन, पाचशेच्या वर बोलून कमी होतं. हार्ड बाइंडिंगला तीन दिवस धरा, नंबरिंगला आणखी एक. जून टाळा. कानबाईच्या सणाच्या सोमवारी दुकान बंद. आणि फील्ड होळीच्या सुमारास असेल, म्हणजे ऊसतोडीला गेलेले लोक पाड्यावर परत आलेले असतात तेव्हा, तर काम जानेवारीतच टाकून या. होळीच्या दिवसांत लग्नपत्रिकांची गर्दी सुरू होते, आणि नंबरिंग मशीन एकच आहे.